पावसाळा काढणारा स्केटबोर्ड रॅम्प: पृष्ठभाग आणि लेप कसा निवडाल

उघड्यावरचा रॅम्प चाकांनी झिजून मरतो असं नव्या मंडळींना वाटतं. प्रत्यक्षात चाकांची झीज वरवरची असते. रॅम्प संपवतं ते पाणी, आणि ते वरून फारसं शिरत नाही. ते प्लायच्या कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून आणि खालच्या बाजूने शिरतं. जूनमध्ये आत गेलेलं पाणी सप्टेंबरपर्यंत बाहेर पडत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात थर सुटतात आणि जानेवारीत कुणाचा तरी पाय त्यातून खाली जातो. म्हणून महाराष्ट्रात किंवा गोव्यात रॅम्प बांधताना खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी निचरा आणि सांगाडा, मग कडा आणि पाठ, मग स्क्रू, आणि शेवटी वरचा गुळगुळीत थर. बहुतेक जण हा क्रम उलटा धरतात.

खालची सगळी मापं एका ठरावीक रॅम्पसाठी दिली आहेत: ८ फूट रुंद, ३ फूट उंच आणि ६ फूट त्रिज्येच्या वक्राचा क्वार्टर पाइप, म्हणजे एका बाजूने वर चढत जाणारा गोलाकार उतार. शिकणाऱ्याला तो झेपतो आणि हे माप ८×४ च्या शीटमध्ये नीट बसतं. या वक्राची पृष्ठभागावरून मोजलेली लांबी ६.२८ फूट, म्हणजे सुमारे ७५ इंच, भरते. क्षेत्रफळ साधारण ५० चौरस फूट. एका थराला ८×४ ची दोन शीटं लागतात, तीन थरांना सहा.

जागा आणि सांगाडा

रॅम्प थेट जमिनीवर टेकवू नका. सांगाड्याखाली ४ इंच उंचीचे काँक्रीट ब्लॉक ठेवा, म्हणजे खालून वारा खेळतो आणि साचलेलं पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. दोन क्वार्टर समोरासमोर ठेवून मिनी रॅम्प करणार असाल, तर मधल्या सपाट भागात पाणी हमखास साचतं. त्यासाठी पूर्ण रॅम्प एका बाजूला ८ फुटांमागे १ इंच कलता ठेवा. बोर्डवर उभं राहिल्यावर हा कल जाणवत नाही, पाणी मात्र निघून जातं.

सांगाड्याला लाकूडही चालतं, पण आपल्याकडे वाळवी आणि दमट हवा दोन्ही आहेत. शिवाय फॅब्रिकेटर प्रत्येक गावात मिळतो. त्यामुळे ४०×४० मि.मी.चा, २ मि.मी. जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप घ्यावा. आडवे पाइप वक्रावर मध्यापासून मध्यापर्यंत ८ इंचांवर लावा. १२ इंच ठेवले तर पैसे वाचतात, पण दोन पाइपांमधला प्लाय दबतो, प्रत्येक दाबासरशी स्क्रू थोडा हलतो, भोक मोठं होतं आणि पाण्याला वाट मिळते. पाइपांची तोंडं पट्टी वेल्ड करून बंद करा आणि सर्वांत खालच्या बिंदूला ६ मि.मी.चं भोक ठेवा. बंद पाइपातही दव जमतं आणि बाहेर पडायला जागा नसली की तो आतून गंजतो. वेल्डिंगनंतर मळी तारेच्या ब्रशने काढा, रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमरचा एक हात आणि त्यावर इनॅमलचे दोन हात द्या. समुद्रापासून जवळ असाल तर इपॉक्सी प्रायमरच लावा. खारी हवा रेड ऑक्साइडला फार काळ जुमानत नाही.

प्लाय: दुकानात काय बघायचं

दुकानदार ज्याला ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो ते काहीही असू शकतं. शीटवर छापलेला मानक क्रमांक वाचा. आयएस (भारतीय मानक) ३०३ मधला एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, दर्जा घरातल्या कपाटांसाठी असतो. त्याचा डिंक युरिया फॉर्मल्डिहाइडचा, तो एका पावसाळ्यात सुटतो. त्याच मानकातला बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) दर्जा फिनॉलिक डिंकाचा असतो आणि छपराखालच्या रॅम्पला चालतो. उघड्यावर आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय घ्या. मानकानुसार त्याच्या डिंकाला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. शीटवरच्या आयएसआय चिन्हाखाली किंवा शेजारी सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का आणि कुणाचा आहे, ते लगेच दिसतं. नकली शिक्के बरेच आहेत, त्यामुळे हे दुकानात उभं राहूनच करा.

मग शीटची कड बघा. थरांमध्ये फटी दिसल्या तर ते शीट परत करा, कारण आतली फट म्हणजे पाण्याची टाकी. जमलं तर नमुन्याचा हाताएवढा तुकडा मागून घ्या, तो चार-पाच तास उकळा आणि कोपऱ्यात पटाशी घालून उघडायचा प्रयत्न करा. थर अलगद सुटले तर तो प्लाय रॅम्पचा नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आयएस ७१० डिंकाची आणि प्रक्रिया केलेल्या लाकडाची खात्री देतं, ऊन-पावसात उघडं ठेवण्याची नाही. मरीन प्लायलाही लेप लागतोच.

जाडी ६ मि.मी. घ्या. ६ फूट त्रिज्येवर ६ मि.मी. शीट हाताच्या जोरावर वाकतं, ९ मि.मी.ला दोघांना लटकावं लागतं आणि १२ मि.मी. वाकवायला गेलात तर वरचा पापुद्रा तडकतो. शीट आडवं लावा, ८ फुटांची बाजू रॅम्पच्या रुंदीला आणि आडव्या पाइपांना समांतर. वरच्या पापुद्र्याचे रेषे तेव्हा वाकण्याच्या दिशेला आडवे येतात आणि शीट सहज बसतं. उभं लावलं तर तेच शीट स्प्रिंगसारखं परत उसळतं आणि स्क्रू ओढून काढतं.

असे तीन थर, एकूण १८ मि.मी. खालचे दोन थर कायमचे. तिसरा थर झिजण्यासाठीच आहे असं समजा. तो काही वर्षांनी काढून नवा लावता आला पाहिजे, म्हणून त्याला कधीही चिकटवू नका.

वरचा थर: पर्याय आणि त्यांची खोड

लेप दिलेला मरीन प्लाय हा पहिला रॅम्प बांधणाऱ्यासाठी सर्वांत समजूतदार पर्याय आहे. तो घासून पुन्हा रंगवता येतो, पडल्यावर चटका बसत नाही, आणि बिघडलं तर एकच शीट बदलावं लागतं.

शटरिंगचा काळपट-तपकिरी फिल्म लावलेला प्लाय, आयएस ४९९० चा, स्वस्त पडतो. स्लॅबच्या कामासाठी बनलेला असल्याने पाण्यालाही टिकतो. पण तो बहुतेक १२ मि.मी. आणि त्याहून जाड मिळतो, त्यामुळे वक्राला चालत नाही. सपाट भाग, तिरका उतार आणि वरचा डेक (वर उभं राहायची सपाट जागा) यांना तो उत्तम. नवी फिल्म धूळ बसली की घसरते, म्हणून १५० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी जाईल इतकी घासा. फिल्म फाटेपर्यंत घासू नका. चाकांच्या मार्गात ती झिजून लाकूड दिसायला लागलं, की त्याच आठवड्यात तिथे लेप द्या. जाळीच्या नक्षीची फिल्म ट्रकच्या फळीसाठी असते, गुडघ्यांसाठी नाही.

कागद आणि फिनॉलिक रेझिनचं शीट हा जगभरातल्या बाहेरच्या रॅम्पांचा नावाजलेला पर्याय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा इथे बनणारं स्केटलाइट त्यातलं सर्वांत परिचित. ते कडक आणि एकसारखं असतं आणि त्याला लेप लागत नाही. आपल्याकडे ते आयात करावं लागतं आणि वाहतूक व शुल्कामुळे महाग पडतं. घ्यायचं ठरवलंत तर खालचे दोन प्लायचे थर निर्दोष असले पाहिजेत, कारण वरचं शीट टिकून खालचं कुजणं हे नेहमी घडतं आणि वरून ते दिसत नाही. भोकं स्क्रूच्या जाडीपेक्षा मोठी पाडा, म्हणजे उन्हात शीटला सरकायला जागा राहते. घट्ट भोकांत जखडलेलं शीट दुपारी फुगतं आणि स्क्रूपाशी तडकतं. इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांकडे मिळणारी हायलम शीट दिसायला तशीच असते आणि त्याच कुळातली आहे, पण ती कोरड्या जागेसाठी बनते. बाहेरच्या रॅम्पला ती वापरू नका.

पत्र्याचा मोह अनेकांना होतो, कारण फॅब्रिकेटरकडे तो तयारच असतो. ३ मि.मी. लोखंडी पत्र्याचं वजन प्रति चौरस मीटर साडेतेवीस किलो, म्हणजे ८×४ चं एक शीट सुमारे ७० किलो. चाकं त्यावरचा रंग पाहता पाहता उडवतात आणि उघड्या पट्ट्यात रोज नवा गंज येतो. २ मि.मी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा बराच बरा, पण वेल्ड केलेल्या जागी जस्त जळून जातं आणि तिथे झिंक रिच पेंट लावावाच लागतो. जस्ताचा धूर बाधून ताप येतो, म्हणून जीआयचं वेल्डिंग मोकळ्या हवेतच करायचं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी पत्र्यावर पडणं म्हणजे भाजणं, आणि पावसाच्या चार थेंबांनी तो पूर्ण निसरडा होतो. शिवाय आवाज. शेजारी इमारती असतील तर तक्रार येणारच.

पत्रा एका जागी मात्र हवाच: पायथ्याला. प्लायचा १८ मि.मी. जाड थर जमिनीपाशी पायरी करून थांबतो. त्यावर ३ मि.मी. जाड, १२ इंच रुंद पट्टी बसवा. वरची कड स्क्रूने पक्की, खालची जमिनीवर मोकळी टेकलेली आणि ग्राइंडरने तासून पातळ केलेली. पट्टीखाली प्लायची कड जमिनीपासून अर्धा इंच वर राहू द्या.

एचडीपीईच्या प्लास्टिक शीटबद्दलही विचारणा होते. ते पाण्याला अजिबात दाद देत नाही, पण ऊन-सावलीच्या ४० अंशांच्या फरकात ८ फुटांचं शीट १५ मि.मी.च्या आसपास लांबतं. लोखंड तेवढ्याच फरकात जेमतेम १ मि.मी. लांबतं. ही वाढ सामावणारी बसवणी पहिल्या रॅम्पला जमत नाही.

लेप: इथे घाई करू नका

लेपाचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, सकाळी दव वाळल्यावर सुरू करून ऊन चढायच्या आत उरका. तापलेल्या शीटवर लावलेला हात वरून लगेच वाळतो, आत द्रावक अडकतो आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नका.

आधी सगळी शीटं कापा, कोरडी लावून बघा, स्क्रूची भोकं पाडा, प्रत्येक शीटच्या पाठीवर क्रमांक लिहा आणि काढून घ्या. लेप यानंतर. लोक उलट करतात, रंगवून मग कापतात आणि भोकं पाडतात. मग नेमकी कापलेली कड आणि भोकाची भिंत उघडी राहते, म्हणजे जिथून पाणी शिरतं तीच जागा.

पहिला हात दोन भागांच्या इपॉक्सी सीलरचा. कडांसाठी तो डब्यावर सांगितलेल्या थिनरने १० ते १५ टक्के पातळ करा आणि कडांना ब्रशने, लाकूड पिणं थांबेपर्यंत, पुन्हा पुन्हा लावा. तीन-चार वेळा लागतो. भोकांत कानकोरण्याच्या काडीने किंवा बारीक ब्रशने फिरवा. मग सहाही शीटांच्या दोन्ही बाजूंना रोलरने दोन हात. पूर्ण शीटं धरली तर हे सगळं मिळून ३६ चौरस मीटर होतं. प्रति लिटर ८ चौरस मीटर धरलं तर दोन हातांना ९ लिटर, आणि कडांसाठी वर एक लिटर. कोरा प्लाय पहिल्या हाताला जास्त पितो, म्हणून ८ पेक्षा मोठा आकडा धरू नका. बजेट तुटपुंजं असेल तर सर्वांत खालच्या थराच्या पाठीला इपॉक्सीऐवजी बिट्युमिनस काळा रंग चालतो. तिथे ऊन पोहोचत नाही आणि तो स्वस्त आहे.

इपॉक्सी पाण्याला पक्की, पण उन्हाला कच्ची. उघडी ठेवली तर काही महिन्यांत पिवळी पडते आणि हाताला पांढरी पूड लागते. म्हणून सर्वांत वरच्या थराच्या दर्शनी बाजूला ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचे, म्हणजे बाहेरच्या वापराच्या दोन भागांच्या पीयूचे, तीन हात द्या. डब्यावर ‘एक्स्टीरिअर’ लिहिलेलं आहे हे तपासा. फर्निचरचा पीयू वेगळा असतो आणि तो उन्हात सोलतो. ५० चौरस फुटांना तीन हातांसाठी २ लिटर पुरतो. प्रत्येक हातानंतर २२० नंबरने हलकं घासून धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. दोन भागांचं प्रमाण डोळ्यांनी अंदाजून मिसळू नका. हार्डनर कमी पडला तर लेप कायम मऊ राहतो आणि चाकं त्यात रुततात, आणि असा लेप खरवडून काढण्याशिवाय इलाज नसतो. एका वेळी अर्धा तास पुरेल एवढंच मिसळा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्क त्याला अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि हे काम लहान मुलांना करायला देऊ नका.

रंग फिका ठेवा, राखाडी किंवा बदामी. गडद रंग तापतो आणि तापणारं लाकूड जास्त हलतं.

पकडीसाठी लेपात वाळू घालायची का? बहुतेक वेळा नको. जाड वाळू चाकं खाते आणि पडल्यावर कातडं सोलते. मॅट पीयू पुरतो. फारच घसरतंय असं वाटलं तर शेवटच्या हातात मैद्यासारखी बारीक सिलिका पूड, वजनाने ५ टक्क्यांपर्यंत, मिसळा आणि आधी एका तुकड्यावर लावून चाक फिरवून बघा.

काय लावू नये तेही सांगायला हवं. जवसाचं तेल दमट हवेत चिकट राहतं आणि बुरशी पोसतं. साधं वॉर्निश उन्हात तडकतं, आणि त्या तडांतून पाणी आत जातं पण वाफ बाहेर येत नाही. भिंतीचा इमल्शन चाकाखाली पहिल्याच दिवशी उडतो.

जोडणी

स्क्रू स्टेनलेसचे, एसएस ३०४. किनारपट्टीवर एसएस ३१६. पीओपीच्या छतासाठी मिळणारे काळे ड्रायवॉल स्क्रू स्वस्त असतात, पण ते गंजतात आणि त्यांची डोकी तुटतात. लोखंडी पाइपात पायलट भोक पाडून स्क्रू घाला. पहिला आणि दुसरा थर कडेला ६ इंचांवर आणि मध्ये १६ इंचांवर पकडा. वरचा थर कडेला ६ आणि मध्ये ८ इंचांवर. डोकं पृष्ठभागाच्या १ मि.मी. खाली जाईल एवढीच खाच पाडा. जास्त खोल गेलं तर ६ मि.मी. प्लायमध्ये धरायला काही उरत नाही. खाचेत आधी इपॉक्सीचा थेंब, मग स्क्रू.

थरांचे सांधे एकावर एक येता कामा नयेत, आणि प्रत्येक सांधा पाइपावरच पडला पाहिजे. ८ इंचांच्या अंतरात हे सोपं जमतं: पायथ्यापासून पहिल्या थराचा सांधा ४८ इंचांवर, दुसऱ्याचा ३२ वर, तिसऱ्याचा ४० वर. दोन शीटांमध्ये २ ते ३ मि.मी. फट ठेवा. पावसात प्लाय फुगतो, फट नसेल तर कडा उचलल्या जातात आणि पुढचं चाक तिथेच अडतं. थरांमध्ये प्लास्टिकचा कागद घालू नका. शेकडो स्क्रू तो भोसकतात, पाणी आत जातं आणि कागद त्याला सुकू देत नाही.

कोपिंगसाठी, म्हणजे वक्राच्या वरच्या काठासाठी, पाइप मागताना जपून. आपल्याकडे पाइप आतल्या नाममात्र मापाने विकतात. ‘दोन इंची’ जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मि.मी. असतो, ‘दीड इंची’चा ४८.३. या उंचीला ६०.३ चा बी किंवा सी क्लास (मध्यम किंवा जाड भिंतीचा) पाइप योग्य. तो डेकच्या वर आणि वक्राच्या पुढे ६ ते १० मि.मी. बाहेर राहू द्या. त्याच्या मागे डेकच्या प्लायपर्यंत ४ मि.मी. फट सोडा आणि डेक मागच्या बाजूला किंचित उतरता ठेवा. ही फट सिलिकॉनने भरली की पाणी पाइपामागे अडकतं, आणि रॅम्प सर्वांत आधी तिथेच कुजतो.

काँक्रीट कधी

जागा स्वतःची किंवा संस्थेची असेल आणि रॅम्प हलवायचा नसेल, तर काँक्रीटला तोड नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात २०१५ पासून काँक्रीटचा स्केटपार्क आहे, आणि गावातली मुलं त्यावरच शिकली.

पण दख्खनच्या पठारावर आधी माती बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ओतलेला स्लॅब दोन वर्षांत तडकतो, मिश्रण कितीही चांगलं असो. ती खणून काढा, मुरूम ६-६ इंचांच्या थरांत पाणी मारून दाबा, मगच ओता. सपाट भागाला एम३० काँक्रीट, ४ इंच जाडी, ८ मि.मी. सळईची जाळी ८ इंचांवर, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. मिस्त्री शेवटी घोटाई सोपी व्हावी म्हणून कोरडं सिमेंट शिंपडतात आणि पाणी मारतात. हे ठामपणे थांबवा. त्या पापुद्र्याला बारीक चिरा पडतात आणि चाकाखाली धूळ सुटत राहते. ओपीसी (साध्या पोर्टलँड) सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या) किमान १० दिवस सतत ओलं ठेवा.

काँक्रीटवर रंग लावू नका, खालून येणारा ओलावा तो सोलून काढतो. २८ दिवसांनंतर सिलिकेट डेन्सिफायर मारला की पृष्ठभाग कडक होतो आणि धूळ थांबते. चकचकीत ॲक्रिलिक सीलर दवावरसुद्धा घसरतो, म्हणून तो नकोच. वक्राचं काँक्रीट ओतणं हे अनुभवी माणसांचं काम आहे. पहिल्या प्रयत्नात फक्त सपाट भाग आणि सरळ उतारच करा.

पावसाळा आणि देखभाल

मे अखेरीस ताडपत्री घालायची तर रॅम्पला चिकटवून नको. बांबू किंवा पाइपच्या आधारावर किमान एक फूट वर ताणा आणि दोन बाजू उघड्या ठेवा. पृष्ठभागावर पसरलेल्या ताडपत्रीखाली रोज दव धरतं आणि उघड्या रॅम्पपेक्षा झाकलेलाच लवकर काळा पडतो.

ओल्या रॅम्पवर खेळू नका. पडण्याचा धोका आहेच, पण भिजलेला लेप मऊ असतो आणि चाकं तो फाडतात. शेवाळ आलं तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर कडांवर मारू नका, पाणी थरांत घुसतं.

महिन्यातून एकदा सगळे स्क्रू हाताने तपासा. एखादा नुसताच फिरत असेल तर जाड स्क्रू ठोकून वेळ मारून नेऊ नका. भोक खरवडा, वाळू द्या, इपॉक्सी पुट्टी भरा आणि दुसऱ्या दिवशी नवं भोक पाडा. ऑक्टोबरमध्ये लाकडी हातोडीने सगळ्या पृष्ठभागावर हलकं ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे ठीक. जिथे आवाज बोदा येतो तिथे थर सुटले आहेत. त्या जागेवर खडूने खूण करा, वरचं शीट काढा आणि दुसऱ्या थराला टोच्याने टोचा. टोच्या मऊ जात असेल तर तो थरही बदला. नुसत्या वरच्या नव्या शीटखाली कुज पुढे पसरते. दुसरा थर टणक असेल तर तो आठवडाभर उघडा वाळवा, इपॉक्सीचा एक हात द्या आणि मगच नवं शीट बसवा.

फेब्रुवारीत चाकांच्या मार्गावरचा पीयू १५० नंबरने घासून एक हात पुन्हा द्या. अर्धा लिटर पुरतो.